वृद्धाश्रमाच्या अर्जावर सही कोणाची?

आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती त्या आई-वडिलांना द्यायची, असा निर्णय लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये घेतला तेव्हा महाराष्ट्रभर त्याचं कौतुक झालं. आसामने तर २०१७ मध्येच सरकारी नोकरांसाठी असा कायदा केला होता. म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की आपली चर्चा मुलाच्या पगाराशी, सुनेच्या स्वभावाशी, नाहीतर ‘कुठे गेले संस्कार’ इथे येऊन थांबते. एका बाजूला वृद्धाश्रम म्हणजे समाजाला लागलेला डाग वाटतो. दुसरी बाजू विचारते, दोघंही नोकरीला, घर दोन खोल्यांचं, मग त्यांनी करायचं काय? दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात, पण जो माणूस आज वृद्धाश्रमात राहतो आहे त्याच्याबद्दल त्यांना सांगण्यासारखं काही नसतं. तो तिथे का आला यावर परिसंवाद होतात. आत गेल्यावर त्याला काय मागता येतं, कोणाकडे दाद मागता येते, त्याला तिथून काढता येतं का, यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं असं की हा वाद आपण चुकीच्या माणसाबद्दल घालतो आहोत. वृद्धाश्रमात राहणारी व्यक्ती सज्ञान नागरिक आहे. तिचा त्या संस्थेशी थेट करार असला पाहिजे, त्यावर तिची स्वतःची सही असली पाहिजे आणि तो मोडला गेला तर मुला-मुलीच्या मध्यस्थीशिवाय तिला तक्रार करता आली पाहिजे. मुलांनी सांभाळावं की नाही हा वाद खुशाल चालू राहू द्या. त्याचा निकाल लागेपर्यंत थांबायला आतल्या लोकांकडे वेळ नाही.

आपला कायदाही त्याच वळणाने गेला आहे. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७ चा केंद्रीय कायदा पाहा. प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचं न्यायाधिकरण, महिन्याला कमाल १० हजार रुपये निर्वाहभत्ता, अर्ज ९० दिवसांत निकाली काढण्याची अपेक्षा, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद, म्हाताऱ्या माणसाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातलं बहुतेक सगळं कुटुंबाबद्दल आहे. वृद्धाश्रमांच्या वाट्याला कलम १९ येतं. निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याला किमान एक, किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने काढावा, त्याच्या व्यवस्थेचे निकष ठरवावेत, असं ते सुचवतं. सक्ती करत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्विनी कुमार खटल्यात केंद्र सरकारला सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. म्हणजे कायदा होऊन अकरा वर्षं झाली तरी आधी मोजणीच करायची होती! खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची सक्ती आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झालं. त्यावर कुठे मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

याचा अर्थ वृद्धाश्रमाच्या उंबऱ्याशी कायदा संपतो असा नाही. तुकड्या-तुकड्यांत तो बराच आहे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद असते. पण तिथे हिशेब तपासले जातात, कोणाच्या पाठीला बेडसोर झाले आहेत हे नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आपण छोट्या खासगी दवाखान्यांपुरता धरतो. मात्र त्यातली व्याख्या आजारी, जखमी आणि दुर्बळ झालेल्या माणसांना ठेवून जिथे उपचार व शुश्रूषा केली जाते अशा कुठल्याही जागेची आहे. नळीने जेवण, कॅथेटर आणि चोवीस तास नर्स असं सगळं जाहिरातीत सांगणारं केंद्र या व्याख्येत का बसू नये? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि दिशाभान यांतला गंभीर बिघाड स्पष्टपणे येतो. म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला हा कायदा लागू होतो, आणि त्याबरोबर रुग्णाच्या खासगीपणाचा, बाहेरच्यांशी संपर्क ठेवण्याचा, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्कही येतो. पैसे मोजून राहणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक आहे. अवाच्या सवा अनामत घेणारी किंवा रास्त कारणाशिवाय एकतर्फी करार मोडू देणारी अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आहे. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईंनी त्या आयोगापुढे कसं जायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

गंमत अशी की निवृत्तांसाठी फ्लॅट बांधून विकणाऱ्या बिल्डरांना महारेराने, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये नियम घालून दिले. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न्हाणीघरात घसरणार नाही अशी फरशी, मदतीसाठी बटण. चांगलंच केलं. पण ज्याच्याकडे फ्लॅट घेण्याइतके पैसे आहेत त्याच्या न्हाणीघराची काळजी सरकारला आहे, आणि वृद्धाश्रमात एका खोलीत पाच जणांबरोबर राहणाऱ्याच्या न्हाणीघराची ती कोणी करायची?

आता यावरच्या आक्षेपांकडे येतो. सगळ्यात जड आक्षेप हा की नियम आणलेत तर संस्था बंद पडतील. हा आक्षेप खोटा नाही. तालुक्याच्या गावी एखादं जोडपं स्वतःच्या शेतात पत्र्याची शेड घालून एसटी स्टँडवर सापडलेल्या वीस-पंचवीस म्हाताऱ्यांना सांभाळत असतं. धान्य गावातून येतं, औषधं ओळखीचा डॉक्टर देतो, मृत्यू झाला तर अग्नीही तेच देतात. त्यांच्याकडे फायर एनओसी नाही, आहारतज्ज्ञ नाही, रॅम्पचा उतार मापात नाही. उद्या एखादा अधिकारी टेप घेऊन आला तर हे जोडपं हात जोडून म्हणेल, मग तुम्हीच न्या यांना. आणि सरकार नेणार कुठे? ज्यांनी अशी ठिकाणं पाहिली आहेत त्यांना ‘परवाना’ शब्द ऐकून धसका बसतो, तो समजण्यासारखा आहे.

पण या जोडप्याला पुढे करून बोलतंय कोण, हे जरा बघा. बहुतेक वेळा बोलणारा असतो तो महिना तीस-चाळीस हजार घेणाऱ्या, शहराबाहेरच्या ‘केअर सेंटर’चा चालक. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून हजारो सह्यांनिशी मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेला पगार. तेव्हाही उत्तर होतंच की कारखाने कायदा हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, त्याने देशी उद्योग बुडेल. त्यात तथ्यही होतं. लँकेशायरला मुंबईच्या गिरण्या खुपत होत्याच. म्हणून कामगाराने सातही दिवस राबायचं का? १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली आणि गिरण्यांना त्याने टाळं लागलं नाही. मुलांच्या संस्थांबद्दलही हेच ऐकलं होतं. बाल न्याय कायदा, २०१५ ने मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केली, न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही ठेवले. मूल ठेवायला परवाना लागतो हे आपल्याला आता स्वाभाविक वाटतं. आजी ठेवायला का लागू नये?

शेतातल्या त्या शेडसाठी उत्तर वेगळं हवं, आणि ते देता येतं. नोंद करणं, राहणाऱ्याची स्वतःची सही घेणं, भेटायला येणाऱ्याला न अडवणं, १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणं आणि तो लावायला फोन देणं, याला पैसे लागत नाहीत. हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सक्तीचं करा. रॅम्प, नर्स, आगीपासूनचं संरक्षण याला पैसे लागतात; निराधारांना फुकट सांभाळणाऱ्यांना ते सरकारने द्यावेत, कारण कलम १९ मधलं सरकारचं कामच ते जोडपं करतं आहे. फी घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावं. इतका साधा भेद करता येत नाही म्हणून सगळ्यांनाच मोकळं सोडायचं, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. हक्क-बिक्क ठीक आहे, पण स्मृतिभ्रंश झालेले आजोबा फाटक उघडं दिसलं तर हायवेवर जातील. रात्री उठून पडल्या तर आजींचं खुब्याचं हाड मोडेल. म्हणून कुलूप, म्हणून पलंगाला बांधलेला हात, म्हणून झोपेची गोळी. रात्री तीस जणांमागे एक मावशी असते, तिने काय करायचं? मावशीबद्दल मला सहानुभूती आहे. ब्युरोकडून आलेली, बारा तासांची पाळी करणारी ही बाई या व्यवस्थेतली दुसरी बिनहक्काची व्यक्ती आहे. पण प्रश्न तिचा नाही, एकच मावशी ठेवणाऱ्याचा आहे, आणि त्याचं उत्तर कायद्याने देऊन ठेवलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं की रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच बांधता येईल, तेही डॉक्टरच्या देखरेखीत आणि नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावरून नाही. प्रत्येक वेळी चोवीस तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीला कळवायचं. मुलीला असा फोन आल्याचं किती घरांत ऐकलं आहे?

बांधून ठेवणं सुरक्षित असतं, हा समज मुळात तपासायला हवा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका मनोरुग्ण आश्रमाला आग लागली आणि २८ माणसं जळून गेली. ती पळू शकली नाहीत कारण साखळदंडाने बांधलेली होती, आणि बांधली होती ती ‘त्यांच्याच भल्यासाठी’. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये १९८० च्या दशकापर्यंत वृद्धांना खुर्चीला, पलंगाला पट्ट्यांनी बांधणं ही नेहमीची रीत होती. १९८७ च्या सुधारणा कायद्याने सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून बांधायला आणि औषधाने गुंगवून ठेवायला बंदी केली, आणि पुढच्या वर्षांत हे प्रमाण झपाट्याने उतरलं. बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत जास्त वाईट पडतो, कधी पट्ट्यातच अडकून गुदमरतो, हे तोवर तिथल्या डॉक्टरांना कळून चुकलं होतं. हिंडण्याची सवय असलेल्या रुग्णाला हिंडायला बंदिस्त अंगण द्यावं, पलंग जमिनीलगत असावा, रात्री एकाऐवजी तिघी असाव्यात. उपाय आहेत, फक्त ते कुलपापेक्षा महाग आहेत.

आणि स्मृती शाबूत असलेल्यांचं काय? फाटकावरचा वॉचमन ‘मुलाची परवानगी आणा’ म्हणतो ती कुठल्या कायद्याने? धडधाकट मनाच्या सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. मुलगा फी भरतो, म्हणून तो बापाचा कायदेशीर पालक होत नाही. तरीही मी पाहिलेल्या प्रवेश अर्जांत ‘पालकाचे नाव’ असा रकाना असतो, तिथे मुलाचं नाव असतं, आणि खाली सही त्याचीच. राहणाऱ्याची सही कुठेच नाही, अंगठ्याचा ठसा तर नाहीच. अटींचा कागदही मुलाकडेच जातो. त्या अटींत बहुधा असतं की अंथरुणाला खिळल्यास ठरावीक मुदतीत घेऊन जावं लागेल, अनामत परत मिळणार नाही, व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस वृद्धाश्रमात जातो, नेमक्या त्याच दिवशी त्याला बाहेर काढण्याची सोय करून ठेवलेली. हे वाचून आत जायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला तिथे मरेपर्यंत राहायचं आहे त्याला नको?

तिसरा आक्षेप थकलेल्या लोकांचा असतो, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कायदे करून काय होतं? कागदावर राहतात, इन्स्पेक्टरला पाकीट मिळतं, काम झालं. एरवाडीच्या वेळीही मनोरुग्ण ठेवण्यासाठी परवान्याचा कायदा होताच. १९८७ मध्येच झाला होता. अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. इंडियाना राज्यातल्या एका सरकारी नर्सिंग होममध्ये गॉर्गी तालेव्हस्की या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला जबर औषधांनी गुंगवून ठेवलं आणि कुटुंबाला न विचारता दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला, अशी तक्रार होती. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्यातल्या हक्कांसाठी त्याला थेट खटला भरता येतो का, इतक्या प्राथमिक प्रश्नाचा निकाल लागायला २०२३ चा जून उजाडला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ‘येतो’ म्हटलं, पण तोवर तालेव्हस्की हयात नव्हते. मग कायद्याचा उपयोग काय? उपयोग हाच की भांडायला काहीतरी हातात होतं. शिवाय तिथे प्रत्येक नर्सिंग होमच्या तपासणीचा अहवाल सार्वजनिक असतो, २००८ पासून त्यांना एक ते पाच तारे दिले जातात. न्यू जर्सीत राहणारा आपला मराठी मुलगा तिथल्या सासऱ्यांसाठी जागा शोधताना हे सगळं रात्रभर चाळून काढतो. पुण्यात आईसाठी जागा शोधताना त्याच्यापुढे एक वेबसाइट, हिरवळीचे फोटो आणि कोणीतरी ओळखीचा एवढंच असतं. तो निष्काळजी असतो असं नाही. त्याला बघायला काही ठेवलेलंच नाही.

इन्स्पेक्टरच्या पाकिटाला उत्तर आपल्याकडच्याच एका अनुभवात सापडतं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवाऱ्यात मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते; सरकारी अधिकारी जात-येत होते आणि कोणाला काही दिसलं नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने बिहारमधल्या ११० संस्थांची सामाजिक तपासणी केली, आत बसून राहणाऱ्यांशी बोलले, आणि २०१८ मध्ये ते प्रकरण उजेडात आलं. २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. त्या अधिकाऱ्यांनी रजिस्टरं पाहिली होती, या तरुणांनी माणसांना विचारलं. वृद्धाश्रमाची तपासणी म्हणजे स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहणं, अशी आपली समजूत आहे, ती सोडावी लागेल.

संस्कृतीचा आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला फार जागा देण्याजोगं त्यात काही नाही. वृद्धाश्रमांना हक्कांची चौकट दिली तर ते प्रतिष्ठित होतील आणि मुलं आई-बापांना टाकायला सोकावतील, असं म्हणतात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा पुण्यातल्या सनातन्यांचंही असंच म्हणणं होतं की याने अनाचाराला वाव मिळेल. गृह नसतं तर विधवा गर्भवती व्हायच्या थांबल्या नसत्या, फक्त विहिरी जवळ केल्या असत्या. निपुत्रिक, अविवाहित, मुलगा आधीच गेलेला, मुलगी सासरी स्वतःच कशीबशी राहणारी, हे सगळे संस्कार कमी पडल्यामुळे वृद्धाश्रमात आलेले नाहीत. आणि आले असले तरी, मुलगा नालायक निघाला याची शिक्षा आईला निकृष्ट जेवणाच्या आणि कुलपाच्या रूपात का द्यायची?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे लोक १० कोटींच्या वर होते, महाराष्ट्रात १ कोटीच्या वर. पुढची मोजणी होईल तेव्हा आकडा बराच फुगलेला असेल. केंद्राचं नवं विधेयक येईल तेव्हा येवो. दरम्यान राज्याला करता येण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला लागणारी माणसं आपल्याकडे आधीच संघटित आहेत. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा फेस्कॉम हा महासंघ. या संघांतली निवृत्त नर्स, निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेली माणसं, सोबत समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी, यांच्या जिल्हावार समित्या नेमाव्यात. २००७ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवता येणाऱ्या कामांत हे बसवता येईल. अमेरिकेतही रहिवाशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांच्या हाताखाली असे स्वयंसेवकच फिरतात. समितीला दंड करण्याचा अधिकार नसला तरी चालेल. तिला न सांगता जाता आलं पाहिजे, रात्रीही; तिचा अहवाल जिल्ह्याच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावासह लागला पाहिजे; आणि राहणाऱ्या प्रत्येकाशी तिला एकट्याने बोलता आलं पाहिजे, व्यवस्थापक खोलीत नसताना आणि मुलगा फोनवर नसताना. ज्या वृद्धाश्रमाला या शेवटच्या अटीची अडचण वाटेल, तिथे समितीने आधी जावं.